घोड्याच्या ओळीतलं प्यादं

रविवार, २४ मार्च १९५७. सकाळी नऊ वाजता सोपानराव कारखान्याच्या कँटीनमध्ये पटासमोर बसले, तेव्हा त्यांच्या नोकरीचे सहा दिवस उरले होते. ती टिकवायला त्यांना अर्धा गुण हवा होता, म्हणजे समोरच्याशी निदान बरोबरी. समोर बसले होते स्टोअरमधले कारकून उद्धवराव. गेल्या चार महिन्यांत सोपानरावांना हा खेळ त्यांनीच शिकवला होता.

खरं म्हणजे बुद्धिबळ सोपानरावांना आधीपासून येत होतं. अडचण तिथूनच सुरू झाली.

सोपानराव चिंचवडगावचे, वय छत्तीस, शिक्षण मराठी चौथी. मुंबई-पुणे रस्त्यालगत पंपांचा हा कारखाना उभा राहिला, तेव्हा घरच्या सामाईक जमिनीचा मोठा तुकडा त्याच्या कुंपणात गेला. एका घरातला एक माणूस कायम नोकरीवर घ्यायचा, असं ठरलं होतं. ती जागा थोरले बंधू दत्तोबांना मिळाली; ते गेटवर बसू लागले. सोपानराव फाउंड्रीत टेंपररी लागले. वाळू चाळायची, ओली करायची, साच्यात ठोकून बसवायची. आठ महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा बोलावणं. असे दोन ब्रेक झाले होते. तिसरा शनिवारी, ३० मार्चला होणार होता, आणि या वेळी पुन्हा बोलावणं येणार नव्हतं. फाउंड्रीच्या दाराशी बारा टिकिट नंबरांचा, म्हणजे हजेरीच्या बिल्ल्यांवरच्या नंबरांचा, कागद लागला होता. सातवा नंबर त्यांचा होता. परत जाऊन कसायला जमीन राहिली नव्हती. तिच्यावर आता पेंटशॉप होतं.

बुद्धिबळाचा यात संबंध आला तो एका नियमामुळे. पुण्यात एप्रिलमध्ये कारखान्याकारखान्यांचे सामने व्हायचे. आदल्या वर्षी या कारखान्याचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला होता आणि मॅनेजरसाहेबांना ते लागलं होतं. नोव्हेंबरमध्ये वेल्फेअर ऑफिसरांनी नोटीस लावली: कारखान्यात स्पर्धा होईल, पहिले चार संघात जातील. संघात कायम कामगारच चालतात, असा पुण्याचा नियम होता. तेव्हा चौघांत कोणी टेंपररी आला तर नावं पाठवायच्या आधी त्याला कायम करण्यात येईल, असं नोटिशीच्या शेवटी टाइप केलेलं होतं. ती ओळ दत्तोबांनी गेटवर भावाला दोनदा वाचून दाखवली.

चिंचवडच्या चावडीवर सोपानरावांना हरवणारा माणूस दहा वर्षांत झाला नव्हता. काळेवाडीहून, थेरगावहून लोक मुद्दाम पट घेऊन यायचे आणि संध्याकाळी गुंडाळून परत न्यायचे. पण चावडीवरचा खेळ देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. शह लागलेला नसेल तर राजा एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी घेतो. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होतं: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. वजीर हवा असेल तर प्यादं मधल्या दोन ओळींतून न्यावं लागतं. शिवाय चावडीवर खेळणारे दोन आणि चाली सांगणारे दहा. ठेवलेलं मोहरं पुन्हा उचललं तर कोणी हरकत घेत नाही, फार तर टोमणा मारतात.

कारखान्याची स्पर्धा नव्या, आंतरराष्ट्रीय नियमांची होती. सरावाच्या पहिल्याच डावात सोपानरावांच्या राजानं अडीच घरं उडी मारली, तेव्हा कँटीनमध्ये हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते मशीनशॉपमधले फिटर मालोजी. गावात राजे उड्या मारत असतील, इथं चालत जातात, असं ते म्हणाले.

हसले नाहीत ते उद्धवराव. ते सांगलीकडचे, तिकडं दोन्ही पद्धती खेळलेले. उडी चुकीची होती, पण ती घेण्याआधीच्या सहा चाली त्यांनी नीट पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या खिडकीशी त्यांनी सोपानरावांना विचारलं, जेवणाच्या सुट्टीत किती वेळ असतो? अर्धा तास. मग जेवण दहा मिनिटांत उरका, असं त्यांनी सांगितलं.

पहिले तीन आठवडे उद्धवरावांनी पूर्ण डाव मांडूच दिला नाही. पटावर दोन राजे आणि एक प्यादं, एवढंच. प्यादं टोकाला न्यायचं, नाहीतर अडवायचं. सोपानरावांना हा पोरखेळ वाटला. उद्धवरावांचं म्हणणं असं की बत्तीस मोहऱ्यांत माणूस चुका लपवतो, तीन मोहऱ्यांत त्या उघड्या पडतात. आणि शेवट माहीत नसेल तर मधे कुठं जायचं ते कसं कळणार? अडवणाऱ्या राजानं प्याद्यासमोर उभं राहायचं. समोरचा राजा अंगावर आला की त्याच्या नाकासमोर, मधे एक घर सोडून, उभं राहायचं. मागं हटायची वेळ आली तर तिरकं हटायचं नाही, सरळ मागं यायचं. शेवटी राजा पटाच्या काठाला टेकतो, त्याला चालायला घर उरत नाही, शहही नसतो. ही कोंडी. नव्या नियमात कोंडी म्हणजे बरोबरी.

हे सोपानरावांच्या गळी उतरेना. चिंचवडच्या चावडीवर कोंडी केली तर कोंडणाऱ्याला चाल मागं घेऊन वाट मोकळी करून द्यावी लागे. आपल्या पायांनी कोंडीत जायचं आणि त्यालाच वाचणं म्हणायचं, हे त्यांना कबूल नव्हतं. उद्धवरावांनी वाद घातला नाही. तेच तीन मोहऱ्यांचं मांडून ते रोज सोपानरावांना हरवत राहिले.

घरी त्यांची पत्नी सोजराबाई पटाच्या दुसऱ्या बाजूला बसू लागल्या. त्यांना कुठलंच बुद्धिबळ येत नव्हतं. सोपानराव दुपारी शिकलेलं संध्याकाळी त्यांना शिकवत. शिकवताना जिथं अडखळत, ते दुसऱ्या दिवशी खिडकीशी विचारून घेत. सोजराबाई भाकरीचं पीठ मळता मळता चाल सांगायच्या आणि पीठ लागू नये म्हणून मोहरं सोपानरावांनाच हलवायला लावायच्या. महिन्याभरात राजा आणि एका प्याद्याच्या खेळात त्या नवऱ्याला दर तीन डावांत एकदा अडवू लागल्या.

उद्धवरावांच्या बाकीच्या सांगण्यात गूढ असं काही नव्हतं. दिवसाला दहा डाव खेळू नका, एक खेळा आणि तो हळू खेळा. आपल्याहून कच्च्या माणसाशी खेळून करमणूक होते, खेळ सुधारत नाही. समोरच्यानं चाल केली की आपली चाल शोधायच्या आधी विचारा, यानं हे कशासाठी केलं? चांगली चाल सापडली तर लगेच करू नका, तिच्याहून चांगली आहे का बघा. अडलं तर उठून समोरच्याच्या पाठीमागं जा आणि पट त्याच्या बाजूनं बघा. हरलेला डाव लिहून ठेवा; जिंकलेला नाही लिहिलात तरी चालेल, तो तसाही लक्षात राहतो.

सोपानरावांनी दोन आण्यांची वही घेतली. जानेवारी संपेपर्यंत तिच्यात एकोणीस डाव झाले होते.

एकोणिसावा मालोजींविरुद्धचा. स्पर्धेत बावीस जण उतरले होते. त्यांतून सहा जण शेवटच्या फेरीत आले. त्यात उद्धवराव, मालोजी आणि सोपानराव होते. सहा जणांनी प्रत्येकाशी एक डाव खेळायचा होता. मालोजींशी खेळताना सोपानरावांची बाजू वरचढ होती. त्यांनी वजीर उचलला, चावडीवरच्या सवयीनं दोन घरांवर टेकवून पाहिला, आणि मूळ जागी ठेवून घोड्याला हात घातला. मालोजींनी शांतपणे पंचांकडे, म्हणजे वेल्फेअर ऑफिसरांकडे पाहिलं. नियम स्पष्ट होता: हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं. वजीर कुठल्याही घरात गेला तरी त्यानंतर हत्ती वाचत नव्हता. वीस चालींत डाव संपला.

उठताना मालोजी म्हणाले, "सोपानराव, हे भाजीचं दुकान नाही. हाताळलं की घ्यावं लागतं."

त्या दिवसापासून सोपानराव दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसू लागले. चाल ठरली की मनात एकदा म्हणायची, पट पुन्हा बघायचा, मगच उजवा हात बाहेर काढायचा. फाउंड्रीत धातू ओतण्याआधी साचा तपासतात, ओतल्यानंतर नाही, हे ते नव्या माणसांना रोज सांगत असत. स्वतःला ते सांगायला त्यांना एक हत्ती घालवावा लागला. सोजराबाईंनी ऐकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मांडीखाली कशाला, उपरण्यानं बांधून देते की."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पहिले तीन ठरून गेले. उद्धवराव सगळे डाव जिंकून सर्वांत पुढं होते. चौथ्या जागेसाठी मालोजी आणि सोपानराव यांचे गुण सारखे झाले. मालोजींचे डाव संपले होते, सोपानरावांचा एक बाकी होता. तो ते हरले तर दोघांमधला डाव धरायचा, आणि तो मालोजींनी जिंकला होता. बरोबरी झाली तरी चौथी जागा सोपानरावांची. उरलेला डाव उद्धवरावांशी होता.

शुक्रवारी मालोजी वेल्फेअर ऑफिसरांकडे गेले. त्यांची तक्रार गैर होती असं म्हणता येणार नाही. गुरू आणि चेला समोरासमोर बसणार. गुरूची जागा पक्की. चेल्याला फक्त बरोबरी हवी, आणि बरोबरीवर त्याची नोकरी. निकाल मी आजच लिहून लिफाफ्यात घालून देतो, असं ते म्हणाले. वेल्फेअरच्या साहेबांनी शनिवारी उद्धवरावांना बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. आपसात ठरवून बरोबरी मान्य होणार नाही, डाव शेवटपर्यंत खेळावा लागेल. आणि डाव दिल्याचा संशय आला तर दोघांचीही नावं पुण्याला जाणार नाहीत.

उद्धवरावांनी ऐकून घेतलं. दुपारी खिडकीशी सोपानराव डबा संपवून नेहमीप्रमाणे आले. पट मांडलेला नव्हता.

"आज नाही," उद्धवराव म्हणाले. "आणि उद्या मी तुम्हाला ओळखत नाही, सोपानराव."

सोपानरावांनी रिकामा डबा काखेला मारला. "आमी तर वळखतो तुमाला," ते म्हणाले. "तुमी सोडनार न्हाई, हे ठावं हाय."

रविवारी कँटीनमध्ये पन्नासेक माणसं जमली. मालोजी पटापासून दोन हातांवर उभे होते आणि डाव संपेपर्यंत बसले नाहीत. दत्तोबा गेटची ड्यूटी बदलून आले होते. त्यांच्यासोबत चावडीवरचे तिघे. आत शिरतानाच साहेबांनी त्या चौघांना बजावलं होतं, इथं कोणी बोलायचं नाही. चावडीवर ज्यांनी उभा जन्म दुसऱ्याच्या डावात तोंड घातलं, त्यांना हे जड गेलं. एकानं उपरण्याचा बोळा तोंडावर धरला होता.

उद्धवरावांनी काही सोडलं नाही. अकराव्या चालीला त्यांनी एक प्यादं जिंकलं. सोपानरावांनी ते विसाव्या चालीला परत मिळवलं, घोड्यानं राजा आणि प्यादं एकदम धरून. दोन्ही बाजूंची मोठी मोहरी एकेक करून मारामारीत गेली. साडेअकराला वजीर गेले, बाराला शेवटचे हत्ती. चहा आला, तो कोणी घेतला नाही. सोपानरावांचे हात मांड्यांखाली होते. बोटं सुन्न झाली की ते एकेक हात बाहेर काढून झटकायचे आणि परत दाबायचे.

सव्वाबाराला पटावर दोन राजे आणि प्यादी उरली. उद्धवरावांची तीन प्यादी, तिन्ही उजवीकडं, एकमेकांजवळ. सोपानरावांची दोन: एक वजिराच्या ओळीत, मधोमध, दुसरं डावीकडं, घोड्याच्या ओळीत. दोन्ही प्याद्यांना टोक गाठायला तीनच घरं बाकी होती. उद्धवरावांचा राजा मधल्या प्याद्यापासून दोन पावलांवर होता, घोड्याच्या ओळीतल्या प्याद्यापासून चार पावलांवर. चाल सोपानरावांची होती.

ज्याला नवे नियम येतात त्याला इथं विचार करण्यासारखं काही नाही. घोड्याच्या ओळीतलं प्यादं पळवायचं. तीन चालींत ते टोकाला पोचतं, राजा त्याला गाठू शकत नाही, पोचलं की वजीर मागायचा. डाव संपला. बरोबरीही नाही, जिंकलेला.

उद्धवरावांनी ते पाहिलं होतं. त्यांनी नजर पटावरून उचलली आणि पलीकडच्या भिंतीवर ठेवली. समोरच्याच्या चेहऱ्यावरून चाल वाचता येते, म्हणून चेहरा पटावर ठेवू नये, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

सोपानरावांनी सहा मिनिटं घेतली. समोरच्यानं मागची चाल कशासाठी केली, हे पाहिलं. आपल्याला दोन वाटा आहेत, हे पाहिलं. दोन्हींतली चांगली कोणती, हेही त्यांनी स्वतःला विचारलं. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. आणि उत्तर दिलं ते चावडीनं: घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं घोडा होतं, वजीर हवा असेल तर मधल्या ओळीतून जायचं. नवा नियम त्यांना पाठ होता. विचारला असता तर त्यांनी न अडखळता सांगितला असता. पण त्या सहा मिनिटांत तो नियम विचारायचं त्यांना सुचलंच नाही, कारण तिथं प्रश्न आहे असंच वाटलं नाही. पंचवीस वर्षं घोड्याच्या ओळीतल्या प्याद्याकडं त्यांनी वजीर म्हणून पाहिलं नव्हतं.

उजवा हात बाहेर आला. त्यांनी मधलं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

उद्धवरावांनी भिंतीवरची नजर खाली आणली. लगेच चाल केली नाही. मालोजींनी नंतर सांगितलं की त्यांचं सगळं लक्ष त्या क्षणी उद्धवरावांच्या हातावर होतं. देणारा असता तर इथं त्यानं दिलं असतं. उद्धवरावांनी राजा उचलला आणि मधल्या प्याद्याच्या अंगावर नेऊन ठेवला.

तेव्हा सोपानरावांना दिसलं. डावीकडच्या प्याद्याकडं पाहताना त्यांची मान हलली आणि तशीच थांबली. आता ते पळवून उपयोग नव्हता. राजा मधे आला होता, वाटेत मधलं मारून तो त्यालाही गाठणार होता. दोन्ही प्यादी जाणार होती. चावडीवरच्या ज्याच्या तोंडावर बोळा होता, त्याला अजून काही कळलं नव्हतं. त्याच्या मते चाल योग्यच होती.

पुढच्या चाली भराभर झाल्या, कारण दोघांकडंही निवड नव्हती. उद्धवरावांचा राजा मधलं प्यादं मारून डावीकडं गेला, दुसरंही मारलं. तेवढ्या वेळात सोपानरावांच्या राजानं उजवीकडं जाऊन दोन प्यादी मारली. तिसरं, उंटाच्या ओळीतलं, निसटून पुढं गेलं. त्याच्या वाटेत आडवं उभं राहण्याइतकीच सवड सोपानरावांच्या राजाला मिळाली. उद्धवरावांचा राजा परत आला.

पटावर दोन राजे आणि एक प्यादं उरलं.

स्टोअरच्या खिडकीशी नोव्हेंबरपासून मांडलं जायचं तेच. फरक एवढाच, की तिथं हरलं तर वहीत एक पान वाढायचं. इथं हरलं तर शनिवारी टिकिट जमा करायचं.

सोपानरावांनी दोन्ही हात पुन्हा मांड्यांखाली घातले. उद्धवरावांनी प्यादं पुढं ढकललं. सोपानरावांचा राजा एक घर मागं आला, सरळ. उद्धवरावांचा राजा बाजूनं आला. सोपानरावांचा राजा मधे एक घर सोडून त्याच्या समोर गेला. प्यादं पुन्हा पुढं. उद्धवराव घाई करत नव्हते. मधेच त्यांनी राजा एक घर मागं नेला, पुन्हा पुढं आणला. समोरचा कंटाळून तिरका हटतो का, हे बघण्यासाठी. खिडकीशी या युक्तीला सोपानराव नऊ वेळा फसले होते. वहीत नऊही वेळा लिहिलेल्या होत्या.

एक वाजून दहा मिनिटांनी प्यादं टोकापासून दोन घरांवर आलं. सोपानरावांचा राजा त्याच्या थेट समोर होता, उद्धवरावांचा त्याच्या पाठीशी. चाल सोपानरावांची. मागं हटणं भाग होतं आणि घरं तीन होती: दोन तिरकी, एक सरळ मागचं. तिरक्या घरांतून पुढं मोकळी जागा दिसत होती. घरं तिन्ही काठावरचीच, पण सरळ मागच्या घरात समोर प्यादं आणि मागं भिंत. चावडीवर पंचवीस वर्षं राजाला तिथून लांब ठेवायला शिकलेला माणूस तिथं आपण होऊन जात नाही.

हात बाहेर आला, राजाच्या वर गेला आणि न टेकता थांबला. मालोजी अर्धं पाऊल पुढं सरकले. हात परत मांडीखाली गेला.

दोन मिनिटं गेली. मग सोपानरावांनी राजा उचलला आणि सरळ मागं, काठावर ठेवला.

उद्धवरावांचा राजा एका बाजूनं आला; सोपानरावांचा काठावरच त्याच्या समोर सरकला. प्यादं पुढं आलं, शह बसला. राजा प्याद्यासमोर परत. आता उद्धवरावांपुढं दोनच गोष्टी होत्या: प्यादं सोडून द्यायचं, किंवा राजा त्याच्या पाठीशी आणून कोंडी करायची. त्यांनी राजा पाठीशी आणला आणि हात मागं घेतला.

साहेबांनी पट दोन्ही बाजूंनी तपासला. पुस्तक उघडलं. सोपानरावांच्या राजाला जायला घर नव्हतं, शह नव्हता, दुसरं मोहरं नव्हतं.

"बरोबरी," साहेब म्हणाले. मग त्यांनी मालोजींकडे पाहिलं आणि काही हरकत आहे का, असं विचारलं.

मालोजी पटापासून मागं सरले. "नाही," ते म्हणाले. "देणारा माणूस असं अर्धं देत नाही."

दत्तोबा मात्र अजून वाट बघत होते. कोंडी झाली, तर आता उद्धवराव चाल मागं घेऊन वाट कधी देणार, असं त्यांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं. डाव संपलाय आणि भाऊ कायम झालाय, हे त्यांना साहेबांनी समजावून सांगितलं.

उद्धवराव मोहरी पेटीत भरत होते. सोपानराव मदतीला वाकले, तेव्हा उद्धवरावांनी घोड्याच्या ओळीतलं ते मारलेलं प्यादं त्यांच्यासमोर टेबलावर उभं केलं.

"हे दिसलं नाही?"

"दिसलं. घोडा दिसला."

उद्धवरावांनी मान हलवली आणि प्यादं पेटीत टाकलं.

कायम केल्याची ऑर्डर बुधवारी, २७ मार्चला निघाली. शनिवारी फाउंड्रीतल्या बारांपैकी अकरा जणांनी टिकिटं जमा केली. त्यांत सोपानरावांच्या जोडीनं दोन वर्षं वाळू चाळणारे काळेवाडीचे चिमाजी होते. टिकिट देताना ते म्हणाले की आपल्याला सोंगट्यासुद्धा कधी आल्या न्हाईत, राव. पुण्याच्या सामन्यांत सोपानराव तीन डाव खेळले. दोन हरले, एक बरोबरीत सुटला. कारखान्याला विजेत्यांची ढाल मिळाली नाही. वर्षानं त्यांना कोअरशॉपमध्ये, साच्यातले गाभे बनवायच्या खात्यात, घेतलं. आज ते तिथंच आहेत. जेवणाच्या सुट्टीत नव्या माणसांना ते बुद्धिबळ शिकवतात. सुरुवात दोन राजे आणि एका प्याद्यानं, आणि पहिले पंधरा दिवस दुसरं काही मांडू देत नाहीत. तक्रार करणारे बरेच. टिकतात थोडे. चावडीवर ते अजूनही जातात, तिथं देशीच खेळतात आणि तिथं त्यांचा राजा अडीच घरं उडी मारतो. दोन्ही पद्धती एकाच माणसाच्या डोक्यात एकमेकींना धक्का न लावता राहू शकतात का, याचं त्यांचं उत्तर न्हाई असं आहे.

त्या रविवारी दुपारी ते घरी गेले तेव्हा सोजराबाईंनी आधी निकाल विचारला, मग ताट वाढलं. जेवण झालं. मग सोपानरावांनी पट पसरला आणि सव्वाबाराची मांडणी मांडली: दोन राजे, उजवीकडची तीन प्यादी, आपली दोन. काय झालं ते सांगितलं नाही. चाल आपली आहे, एवढंच म्हणाले.

सोजराबाईंनी ओले हात पदराला पुसले, पट पाहिला आणि घोड्याच्या ओळीतलं प्यादं पुढं सरकवलं. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ त्यांना लागला नाही.

"हेच का?" सोपानरावांनी विचारलं.

"मग कंचं? ह्याला कोन गाठतंय? तिकडं गेलं की वजीर." त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. "तुमीच शिकवलं न्हवं? कुटंबी पोचलं तरी वजीर म्हून."

त्यांनी दुसरं बुद्धिबळ कधी पाहिलंच नव्हतं.

सोपानरावांनी वही काढली. उद्धवरावांच्या सांगण्याप्रमाणे तिच्यात फक्त हरलेले डाव होते. त्या दिवशीचा डाव बरोबरीचा होता, आणि त्या अर्ध्या गुणानं नोकरी राखली होती. सोपानरावांनी तो पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत त्याच वहीत लिहिला, अनुक्रमांक घातला, आणि मधल्या प्याद्याच्या चालीखाली रेघ ओढली.